रक्तातील विस्तव मोजिल्याची हकीकत

श्री. जो प्रत्येकाच्या छातीत बसोन न सांगता चालतो आणि न सांगता थांबतो, त्यास आधी दंडवत, मग लेखणीस हात. शके सत्राशे सव्वीस, रक्ताक्षी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मासापासोन एका राज्यात वर्तमान जाहले ते लिहितो. राज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही.

राज्य डोंगरी, गादी गडावर, गडास पायऱ्या तीनशे चाळीस आणि रिवाज त्याहून अधिक. थोरला रिवाज हा की चाकराचे काहीही धन्याहून वरचढ असू नये. धन्याची पगडी वीतभर तर चाकराची चार बोटे, आणि धन्यास दोन शिंका आल्या तर चाकराने एकीवर आवरावे. हे पाहावयास लखमोजीपंत रिवाजनवीस म्हणोन गृहस्थ होते, ते दरबारी शिरले की पडसे जाहलेली माणसे नाक धरोन उभी राहत. आणि महाराजांच्या बिरुदावलीत 'मौक्तिकदंत' ऐसे एक बिरुद होते, म्हणोन महाराजांचा दात किडणे राज्यात अशक्य होते. अशक्य असोनही उजवीकडील एक दाढ आठ महिने ठणकत होती. मग राजवैद्य केदारभट दफ्तरी 'महाराजांस कानदुखी' ऐसे लिहीत, नित्य कानात लसणीचे कोमट तेल घालीत, आणि महाराज गाल दाबोन धरीत आणि म्हणत, "कानास उतार आहे."

केदारभट मनुष्य भला, हातास गुण मोठा, परंतु भिडस्त. खरे बोलावयाचे ते घरी जाऊन भिंतीशी बोलत. त्यांचा जिवलग एकच, प्रधान हरबाजीपंत. दोघे एके आळीत गोट्या खेळोन वाढले, चारचौघांत 'पंत' आणि 'वैद्यराज' म्हणत, आणि एकटे असले की अरे-तुरे. राज्याचा शिक्का प्रधानांचे घरी गडाखाली असे, तो रोज प्रातःकाळी प्रधानांनी स्वतः पायी वर न्यावा असा रिवाज. पालखी फक्त महाराजांस. आजाऱ्यास मिळे, परंतु राजवैद्याची चिठ्ठी आणि तीवर रिवाजनवीसांचे मोर्तब पाहिजे. त्या साली प्रधान दोनशे पायऱ्यांनंतर थांबो लागले, छातीवर तळवा ठेवीत, डाव्या खांद्यात कळ येई, घाम फुटे, आणि म्हणत, "पित्त आहे." त्यांचे वडीलही पन्नाशीत ऐसेच पित्त म्हणत म्हणत गेले होते. केदारभटांस ते पित्त पटले नाही.

तितक्यात दर्यापारचा एक हकीम आला. त्याजपाशी काचेची नळी आणि पांढरी भुकटी. बोटाचे रक्त चार थेंब घेऊन भुकटीत कालवी आणि अंक सांगे. तो म्हणाला, "देहात आतल्या आत विस्तव धुमसतो. तो रक्ताच्या नाडीत धुमसला तर काळजाची वाट अरुंद होते. अंक एकाखाली तर उत्तम, तीनावर तर काळजास जोखीम. परंतु दाढ सुजली, गळू जाहले, पडसे जाहले, तरीही अंक चढतो. म्हणोन माणूस धडधाकट असता पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा पाहावे, आणि बाप कशाने गेला, चढणीस दम लागतो काय, हेही पुसावे." लखमोजीपंतांनी यातील अंक तेवढे लिहोन घेतले; बाकीचे लांबण लागले म्हणोन सोडिले.

प्रथम रक्त महाराजांचे. अंक आला चौदा. केदारभटांस तत्क्षणी कळले की हा विस्तव दाढेचा, आणि शब्द जिभेवर आला, परंतु ते समयी लखमोजीपंत बिरुदावली वाचीत होते आणि नेमके 'मौक्तिकदंत' येथे पोहोचले होते, मग शब्द गिळिला. महाराजांनी पुसले, "चौदा म्हणजे चांगले की वाईट?" तो लखमोजीपंत म्हणाले, "रत्ने चौदा, विद्या चौदा, भुवने चौदा. महाराजांचा अंक वाईट कैसा होईल?" महाराज संतोषले. मग दरबाराने रांगेने बोटे पुढे केली, आणि ज्याचा अंक एक आला तो शरमिंदा जाहला, कारण महाराजांहून निरोगी असणे म्हणजे वरचढ असणे. सेनापतींनी तंग जोडा घालोन टाच सोलोन घेतली आणि नऊवर गेले. खजिनदारांनी पायात बाभळीचा काटा रुतवोन घेतला, आठ दिवस लंगडले, आणि बारावर गेले, त्यांस शेला मिळाला. आणि प्रधानांस ना गळू ना पडसे, त्यांचा अंक चार. पंधरा दिवसांनी पुन्हा पाहिला, पुन्हा चार. हकीम केदारभटांस एकीकडे घेऊन म्हणाला, "त्या सर्वांत आजारी हा एकच आहे," आणि आपली नळी-भुकटी त्यांच्या स्वाधीन करोन निघोन गेला.

केदारभटांनी चिठ्ठी लिहिली की प्रधानांस पालखी द्यावी. लखमोजीपंत हसले. "महाराज चौदा घेऊन चालतात, आणि प्रधान चाराला पालखी मागतात? नाजूकपणाची हद्द जाहली!" चिठ्ठी परत. मग केदारभटांनी विचार केला की महाराजांचे चौदा उतरल्यावाचून हरबाचे चार कोणास दिसावयाचे नाहीत, आणि जन्मात प्रथमच छाती करोन महाराजांपाशी गेले आणि हात जोडोन म्हणाले, "महाराज, मुखातील एक मोती पिकला आहे. पिकला मोती शिंपल्यात ठेवू नये, खजिन्यात ठेवावा." महाराजांनी आठ महिन्यांची ठणक आठवोन तत्काळ मुख उघडिले. मोती सांडशीने निघाला, पुवासकट निघाला, चांदीच्या डबीत घालोन हत्तीवरोन मिरविला, आणि त्याच दिवशी महाराजांची कानदुखी थांबली. पंधरवड्याने अंक पाहिला तो पाऊण! राज्यात साखर वाटिली.

केदारभट चिठ्ठी घेऊन धावले, प्रधानांस हातास धरोन नेले, आणि म्हणाले, "आता पाहा, चार. जोखीम आहे." लखमोजीपंतांच्या भुवया पगडीत गेल्या. "महाराज पाऊण आणि चाकर चार? अंक पाचपट वरचढ! हे दफ्तरी लागले तर पंतांची प्रधानकी आजच जाईल. वैद्यराज, अर्धा लिहा." केदारभट प्रधानांकडे पाहो लागले. प्रधान भुईकडे पाहत होते. मग केदारभटांनी अर्धा लिहिला, आणि शाई वाळते न वाळते तो लखमोजीपंत म्हणाले, "आणि अर्ध्यास पालखी कशाला?"

उतरताना प्रधान हसोन म्हणाले, "केदार, कागदावर अर्धा जाहला. आता हे छातीस कोणी कळवावे?"

"हरबा, उद्या वर जाऊ नकोस. तुला माझी शपथ आहे."

"आणि शिक्का काय तुझा बाप नेईल?"

दुसरे दिवशी प्रातःकाळी प्रधान दोनशे बाराव्या पायरीवर बसले ते उठले नाहीत. शिक्का मांडीवर तसाच. वर महाराज कागद घेऊन खोळंबले. केदारभट धावत आले, नाडी पाहिली, पाहावयाचे काही राहिले नव्हते, मग तेथेच पायरीवर बसोन लेकरासारखे रडले, "मी लिहिले रे, माझ्या हाताने लिहिले." दफ्तरात पेच पडिला की अर्ध्या अंकाचा मनुष्य काळजाने मरत नाही. लखमोजीपंतांनी जुने दफ्तर चाळिले आणि लिहिले: 'प्रधान कानदुखीने वारले.'

तेरावा जाहल्यावर केदारभटांनी ओढ्यातला एक वाटोळा धोंडा आणिला, शेंदूर फासला आणि दोनशे बाराव्या पायरीवर मांडिला. लखमोजीपंत येऊन उभे राहिले. केदारभट न अडखळता म्हणाले, "येथे देव प्रकटला. याजपुढे बसोन शंभर श्वास मोजल्यावाचून वर जाऊ नये. ज्यास मोजवणार नाहीत, त्यास पालखीत घालोन न्यावे, ऐसा देवाचा कौल आहे."

"महाराजांसही?"

"महाराजांस आधी."

धन्यास आधी म्हटल्यावर हरकत कोण घेतो? मोर्तब जाहले. केदारभटांनी जन्मात दोन लबाड्या लिहिल्या, एक कानदुखी आणि एक अर्धा. ही तिसरी तोंडी केली, आणि तीच काय ती कामास आली.

येणेप्रमाणे हकीकत. मोती खजिन्यात आहे. अंकांची वही दफ्तरात आहे, तीत अवघे राज्य पाऊणाखाली आहे. धोंड्यास लोक हरबादेव म्हणतात. कशाचा देव हे कोणास ठाऊक नाही, बसतात मात्र सारे, आणि त्या सालापासोन पायरीवर कोणी मेले नाही.