तिसऱ्या वळणावरची अकरा मिनिटं

"टाकी काठोकाठ भरायची, जावईबापू. हवेचा स्क्रू पूर्ण आत बसवायचा आणि बरोबर दीड फेरा मागे घ्यायचा. सव्वा नाही, पावणेदोन नाही. दर रविवारी तुमच्या सासूबाईंना वर टेकडीवर, त्यांच्या बहिणीकडे न्यायचं. आणि फटफटी विकायची नाही. द्या हात."

घड्याळजीने हात दिला होता. शेवटच्या घटकेला माणसं देवाची नाहीतर मुलाबाळांची आठवण काढतात. त्याच्या सासऱ्यांनी कार्बोरेटरची काढली. हात धरला तो इतका घट्ट, की पुढे दोन दिवस घड्याळजीला चिमटा नीट धरता येईना. तिसऱ्या दिवशी सासरे गेले. फटफटी आणि सासूबाई, दोघी घड्याळजीच्या घरी आल्या.

सासूबाईंचा काही त्रास नव्हता. त्या कमी बोलत, कमी जेवत, आणि खोटं तर चुकूनही बोलत नसत. त्रास होता तो फटफटीचा. दर रविवारी दुपारी ती सासूबाईंना मागे बसवून शहाण्यासारखी निघे, टेकडीचा चढ धरी, पहिलं वळण घेई, दुसरं घेई, आणि तिसऱ्या वळणावर दगडी बाकासमोर गप्प होई. आचके नाहीत, खोकला नाही. बोलता बोलता एखाद्याचा डोळा लागावा, तशी.

सासूबाई एक शब्दही न बोलता उतरत आणि बाकावर जाऊन बसत. बाक चांगलं चार माणसांचं, तरी त्या अगदी डाव्या कडेला बसत आणि पदर आवरून घेत, बाजूला कुणाला जागा करून द्यावी तसा. घड्याळजी किक मारून मारून घामाघूम होई. मग केव्हातरी सासूबाई आपण होऊन उठत आणि म्हणत, "आता मारा." एका किकेत गाडी सुरू.

घड्याळजी पडला घड्याळजी. त्याने वेळ मोजली. पहिल्या रविवारी अकरा मिनिटं. दुसऱ्या रविवारी अकरा. तिसऱ्या रविवारी त्याने शंका नको म्हणून दोन घड्याळं नेली. दोन्ही घड्याळांचं अकरावरच एकमत झालं. ही दोन घड्याळं दुकानात एकमेकांशी कधी जमवून घेत नसत.

चौथ्या रविवारी धुकं होतं. किक मारताना त्याला मागून सासूबाईंचा आवाज ऐकू आला. त्या हळू आवाजात कुणाला तरी सांगत होत्या, "नाही हो, गुडघा आता बरा आहे." त्याने वळून पाहिलं. बाकावर त्या एकट्याच होत्या.

घरी येऊन त्याने बायकोला गाडी थांबल्याचं तेवढं सांगितलं. उरलेलं सांगण्याची छाती झाली नाही.

"पुन्हा थांबली?" बायको म्हणाली. "या वयात माझी आई त्या चढावर उघड्यावर बसते! पुढच्या रविवारी फटफटी थांबली ना, तर सोमवारी भंगारवाला दारात उभा असेल. मी बोलून ठेवलंय त्याच्याशी."

"अगं, मी बाबांना हात दिलाय."

"मग हात ठेवा. गाडी द्या."

घड्याळजीला घास जाईना. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायचा म्हणजे माफी तरी कुणाकडे मागणार? आणि हे मेलेले गृहस्थ दर रविवारी तिसऱ्या वळणावर भेटत नसतीलच, याची त्याला आता खात्री राहिली नव्हती.

त्याच्या दुकानाशेजारी पंक्चरवाला होता. त्याला सगळे डॉक्टर म्हणत, कारण स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो गाडीची नाडी ऐकत असे. त्याने डोळे मिटून बराच वेळ फटफटी ऐकली.

"हिचा जीव गुदमरतोय," तो म्हणाला. "हवा कमी पडतेय. चढावर दम लागणारच. दीड फेऱ्यावर कुणी ठेवलंय हिला?"

"सासऱ्यांनी."

"ते आता येणारेत का बघायला?"

घड्याळजीने एकदा चढाच्या रस्त्याकडे पाहिलं.

शनिवारी दुपारी डॉक्टरला घरी बोलावून त्याने कार्बोरेटर उतरवला. ज्या हातांनी तांदळाएवढी चक्रं जागेवर बसवली, त्यांना हे काम म्हणजे पोरखेळ. डोळ्याला भिंग लावून त्याने पेट्रोल सोडणारा जेट फुंकला, सुईची क्लिप एक खाच वर सरकवली, कार्बोरेटर परत बसवून गाडी सुरू केली आणि हवेचा स्क्रू मागे घेत गेला. दीड. पावणेदोन. दोन. दर पाव फेऱ्याला इंजिनाचा आवाज तापट होत गेला. अडीचवर खिडकीची काच थरथरली. तिनावर भिंतीवरचा सासऱ्यांचा फोटो एका बाजूला कलला. घड्याळजीने तो सरळ केला. फोटो पुन्हा कलला.

"आता कशी वाघीण झाली!" डॉक्टर म्हणाला.

रविवारी घड्याळजीने टाकी काठोकाठ भरली. तेवढा तरी शब्द पाळावा म्हणून. सासूबाई मागे बसल्या. गाडी अशी सुटली, की कोपऱ्यावरचं कुत्रं भुंकायचं विसरलं. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसरं आलं, बाक आलं, आणि गाडी थांबली नाही! बाक मागे पडलं. घड्याळजीला आनंदाने ओरडावंसं वाटलं.

"थांबायला हवं होतं," सासूबाई मागून हळूच म्हणाल्या.

वीसेक पावलं पुढे गेल्यावर इंजिन किंचाळलं. मूठ घड्याळजीने पिळली नव्हती. त्याने ती पूर्ण सोडली, तरी आवाज चढतच गेला. घाबरून त्याने क्लच दाबला, तर वाघिणीला जोरच आला. त्याने किल्ली फिरवली. काही नाही. किल्ली उपटून काढली. किल्ली हातात, आणि फटफटी चालूच! सायलेन्सरमधून पांढरा धूर, चाकांना गती नाही, आणि चढावर गाडी हळूहळू मागे घसरू लागलेली. पाय जमिनीवर रोवलेले, म्हणून मागचा ब्रेक सुटला; एका हातात किल्ली, म्हणून पुढचा ब्रेक अर्धाच दाबला गेला.

"अहो," सासूबाई म्हणाल्या, "पुरे आता."

इंजिन बंद पडलं.

त्या शांततेत फटफटी अलगद मागे घसरत गेली आणि तिचं मागचं चाक बाकाला टेकून थांबलं. दारात गाडी लावावी तितकं नीट. घड्याळजीच्या मनात मात्र एकच गोष्ट घुमत होती. सासूबाई त्याला जावईबापू म्हणत. 'अहो' असं त्या जन्मात एकाच माणसाला म्हणाल्या होत्या.

सासूबाई उतरल्या, बाकाच्या डाव्या कडेला बसल्या. जावयाचा पांढरा पडलेला चेहरा पाहून त्यांना दया आली असावी.

"टाकीचं झाकण उघडा. ते उघडायचे."

"टाकी भरलेली आहे, आई."

"उघडा तर."

त्याने झाकण फिरवलं. टाकीने एक लांब श्वास आत ओढला. अगदी माणसासारखा, बराच वेळ पाण्याखाली राहून वर आलेल्या माणसासारखा. घड्याळजी झाकण घेऊन चार पावलं मागे उडाला. मग सवयीने त्याचा हात खिशाकडे गेला, भिंग डोळ्याला लागलं, आणि भीतीची जागा हळूहळू धंद्याने घेतली.

झाकणाला टाचणीएवढं एक छिद्र असतं. जेवढं पेट्रोल खाली जातं, तेवढी हवा त्यातून आत येते. ते छिद्र बुजलेलं होतं. आगपेटीची काडी तासून, सुईसारखी करून, आत बसवलेली, वर मेणाचा ठिपका. टाकी काठोकाठ भरली, की थोड्याच अंतरात आतली हवा पुरेनाशी होई, पेट्रोल अडे आणि गाडी तिसऱ्या वळणावर गप्प होई. फटीफटींतून पुरेशी हवा झिरपायला लागत अकरा मिनिटं. हवा कमी पडतेय, हे डॉक्टरचं निदान खरंच होतं. फक्त त्याने नको तिथे स्क्रूड्रायव्हर लावला होता.

"ही काडी..." घड्याळजी म्हणाला. "बाबांनी मुद्दाम बसवली?"

"पहिली त्यांनी," सासूबाई म्हणाल्या. "लग्न झालं तेव्हा घरात नऊ माणसं आणि खोल्या दोन. नवराबायकोने बोलायचं कुठे? वरती बहीण, खाली सासू. मधे हे बाक. मला वाटायचं, गाडीच बिचारी दमते. सहा वर्षांनी टाकी पुसताना काडी खाली पडली, तेव्हा कळलं."

"मग?"

"मग काय! दुसरी तासली नि बसवली. त्यांना सांगितलं असतं तर लाजले असते, आणि गाडी नीट करून टाकली असती."

"म्हणजे ही..."

"ही गेल्या महिन्यातली. आधीची झिजली होती."

 त्याने चिमट्याने काडी काढून रिकाम्या घड्याळाच्या डबीत ठेवली, डबी खिशात टाकली, स्क्रू निम्मा आत घेतला. फटफटी एका दमात वर गेली. काडीचं कोडं सुटलं होतं, भुताची भीती गेली होती, आणि वर सासूबाईंच्या बहिणीकडे तो पोटभर जेवला.

परतताना उतार होता. गार हवा सुटली होती. घड्याळजी शीळ घालत होता. तिसऱ्या वळणावर, दगडी बाकासमोर, फटफटी गप्प झाली.

त्याने झाकण उघडलं. टाकीने श्वास ओढला नाही. छिद्र मोकळं, किल्ली लावलेली, पेट्रोल भरपूर. काडी खिशातल्या डबीत होती. त्याने दोनदा उघडून पाहिली. सासूबाई उतरून डाव्या कडेला बसल्या होत्या, पदर आवरून. या वेळी त्याने किक मारली नाही. पाठ करून तो रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघू लागला. मागे सासूबाई एकदा हसल्याही.

अकरा मिनिटं.

"आता मारा," सासूबाई म्हणाल्या. एका किकेत सुरू.

दारात बायको उभीच होती. "काय झालं? थांबली का गाडी?"

घड्याळजीने तोंड उघडलं, पण खोटं न बोलणाऱ्या सासूबाई आधी बोलल्या, "बाकापाशी मीच बसले गं जरा. मला बसायचं होतं. यापुढेही बसेन."

आईपुढे लेकीचं चालेना. "बरं," ती म्हणाली. "मग भंगारवाल्याला नको म्हणून सांगते."

पुढच्या रविवारी घड्याळजीने दुकान उघडलं नाही. त्याने टाकी काठोकाठ भरली. हवेचा स्क्रू पूर्ण आत बसवला, बरोबर दीड फेरा मागे घेतला. मग डबीतली काडी चिमट्याने उचलून झाकणाच्या छिद्रात जपून बसवली आणि वर मेणाचा ठिपका दिला. काडी नसती, तरी गाडी थांबली असतीच. पण या वयात सासऱ्यांना दर वेळी कष्ट कशाला?

सासूबाई मागे बसल्या. त्याने आवाज न करता फाटक उघडलं आणि फटफटी चढाच्या रस्त्याला घातली.