भालेरावांनी वेगवान सायकल निवडली त्याची गोष्ट

भालेराव कुठलीही वस्तू उचलल्याशिवाय तिच्याविषयी मत देत नाहीत. बकाल्यात, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, कलिंगड उचलून बघतात, ते आपण समजू शकतो. पण हा माणूस लोकांचे मोबाईल, ऑफिसातल्या खुर्च्या, आमच्या मुदीरची (म्हणजे मॅनेजरची) लॅपटॉपची बॅग, जे दिसेल ते हातात घेतो, डोळे मिटतो आणि "जड आहे," असा निकाल देऊन परत ठेवतो. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा बायकोने कौतुकाने नवा कुकर दाखवला. यांनी तो भातासकट उचलला.

"उचलून बघितलंत का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. एकदा मी त्यांना विचारलं, मंगफ भागात एक फ्लॅट बघितलाय, घेऊ का? तर तोंडातून तेच निघालं. मग स्वतःच कपाळाला हात लावला.

ते नाशिकचे, मी पुण्याचा. दोघेही इथे आखातात, मीना अब्दुल्ला भागातल्या एकाच कंपनीत प्लॅनिंगला, आणि राहायला दोघेही फहाहीलला. मागच्या थंडीत कंपनीने योजना काढली: सायकलने कामावर या, सायकल आम्ही घेऊन देतो, पैसे पगारातून हप्त्याहप्त्याने कापू. सेफ्टीवाल्यांनी मात्र अट घातली की एकट्याने यायचं नाही. जोडी हवी. दोघांनी एकत्र निघायचं, एकत्र पोचायचं आणि गेटवर कार्डं पाठोपाठ पंच करायची. जोडी नाही तर सायकल नाही.

भालेराव पार पेटले. दिवसभर सायकलींची वजनं तोंडात. कार्बन, अ‍ॅल्युमिनियम, चाकाच्या तारा. "वजन म्हणजे वेग, पाटणकर," असं मला चहाच्या मशीनपाशी गाठून सांगायचे. मग जोडीदार शोधत अख्ख्या मजल्यावर फिरले. बारा किलोमीटर रोज यांच्या शेजारून जायचं म्हटल्यावर आमच्या डिपार्टमेंटमधल्या झाडून सगळ्यांचे गुडघे एकाच आठवड्यात दुखायला लागले.

राहिलो मी. मी हो म्हणालो ते काही दया येऊन नव्हे. मलाही वेगवान सायकल हवी होती. कॉर्निशवर, त्या समुद्रकाठच्या रस्त्यावर, सकाळी ते तुकतुकीत कपडे घालून वाकून सूं करत जाणारे लोक मी फार दिवस बघत होतो, आणि त्यांच्यात मी कसा दिसेन हेही मनात बघून ठेवलं होतं. लिफ्ट बंद असली की मला दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभं राहावं लागतं, ही गोष्ट त्या चित्रात कुठे बसत नव्हती. घरी सांगितलं तर माझी मुलगी फोनमधून मान वर न करता म्हणाली, "बाबा, प्लीज. बी रिअलिस्टिक." बायकोने फक्त माझ्या पोटाकडे पाहिलं. ते जास्त लागलं.

शुक्रवारी आम्ही शुवैखला गेलो. गॅरेजांच्या रांगेत सायकलींचं मोठं दुकान होतं, दुकानदार पेशावरचा. भालेरावांनी आत शिरल्या शिरल्या पहिली सायकल उचलली, मग दुसरी, मग पूर्ण भिंत. दुकानदार बघतच राहिला.

"साब, रेस के लिए चाहिए या ऑफिस के लिए?"

"ऑफिस जानेका है," भालेराव म्हणाले, "लेकिन जोरसे."

शेवटी एक काळी सायकल त्यांच्या दोन बोटांवर तरंगली. चेहरा असा खुलला की मलाच बरं वाटलं. वजन वाढतं म्हणून त्यांनी तिची घंटीसुद्धा काढायला लावली, आणि लगेच विचारलं, "कॅरिअर किधर है? डब्बा किसपे बांधेगा?" डबा चार पुडांचा, स्टीलचा. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी खाली फरशीकडे पाहिलं.

माझ्यासाठीही त्यांनी तसलीच निवडली. "फक्त तुम्ही थोडे कमी व्हा," म्हणाले. आम्ही चालवून बघायला मागच्या गल्लीत आलो. भालेराव सत्तावन्न वर्षांचे, रिटायरमेंट तोंडावर आलेली, पण पायडलवर पाय ठेवला आणि गल्लीच्या टोकाला दिसेनासे झाले. मी वाकून बसलो, तर पोट मांड्यांवर आणि मांड्या पोटावर. दोन गॅरेजं पार केली आणि फुटपाथवर बसकण मारली. टायर बदलणाऱ्या माणसाने न विचारता पाणी आणून दिलं.

भालेराव वळसा घालून आले. मला धड बोलताही येत नव्हतं, तरी जे खरं होतं ते सांगून टाकलं. "भालेरावसाहेब, माझ्याच्याने नाही व्हायचं. मला ती समोर टोपली असलेली साधी सायकलच झेपेल, आणि तीही रमतगमत. तुम्हाला एवढी मनासारखी मिळाल्ये, तर एखादा तरणाबांड जोडीदार बघा. माझ्यापायी ही सोडू नका."

ते खाली उतरले. सायकल हाताने धरून आत गेले. बराच वेळ झाला म्हणून मी उठून पाहायला गेलो, तर काळी सायकल परत भिंतीवर लटकली होती आणि दुकानदार दोन टोपलीवाल्या सायकलींत हवा भरत होता.

मी म्हणालो, "अहो, हे काय? एवढं शोधलंत, आणि आता हा लोखंडाचा ठोकळा घेणार? यावरून पोचायला तास लागेल."

"लागू दे." माझ्याकडे न बघता ते सीटची उंची बघत होते. "मंडळी नाशिकला गेली त्याला आता चार वर्षं होतील. आधी मुलीची बारावी, मग आईचं आजारपण, मग राहूनच गेलं. मी बसमध्ये खिडकीपाशी बसतो, पाटणकर. शेजारच्या सीटवर बॅग ठेवतो. म्हणजे ती रिकामी का असं कोणाला वाटायला नको." मग जरा थांबून म्हणाले, "लवकर पोचून करू काय? जाताना बरोबर कोणी असलं म्हणजे झालं. जोडीत नाव राहू द्या माझं."

मला एकदम भरून आलं. इतके दिवस हा माणूस चहाच्या मशीनपाशी मला गाठत होता आणि मी कप अर्धवट टाकून सटकत होतो. मी दुसरी टोपलीवाली सायकल हातात घेतली.

"रविवारी पावणेसहाला निघू," मी म्हणालो. "मी तुमच्या बिल्डिंगखाली येतो."

"तुम्ही नका येऊ, उगाच वळसा पडेल," भालेराव म्हणाले. "मीच साडेपाचला तुमच्याखाली येऊन थांबतो."