हितेंद्रचे एकट्याचे गाणे

रावेरच्या हितेंद्रने बहीण डिंपलला शब्द दिला होता, की तिच्या हळदीला कोणाचेही उसने गाणे वाजणार नाही. भावाने रचलेलेच वाजेल. शब्द त्याचे, चाल त्याची, आवाज त्याचा, ढोलकीही त्याचीच. केळी पिकवण्याच्या रिकाम्या खोलीत त्याने माइक मांडला. त्या जाड दाराआड ट्रॅक्टरचा आवाज शिरत नसे. शहाणपणही शिरत नसे.

आतेभाऊ जितेंद्र ढोलकी घेऊन आला, त्याला याने दारातूनच परतवले. "कलावंताला एकांत लागतो."

"लगीन हाये का तपश्चर्या?" म्हणत जितेंद्र मांडवाकडे वळला.

हळदीच्या दिवशी सकाळी गाणे सिद्ध झाले. पहिल्या कडव्यात नवरी, दुसऱ्यात लीलाधरमामा. पहिला श्रोता होण्याचा मान आत्या बेबाबाईंना मिळाला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि हातातले हळदीचे ताट खाली ठेवले.

"मामाचं नाव हाये. माह्यं काहून नाही रे? मी हळद लावू का घरी जाऊ?"

हितेंद्र पुन्हा खोलीत गेला. आत्यांचे कडवे जोडून बाहेर येतो, तो दारात काकू, काकूमागे मावशी, मावशीमागे पाचोऱ्याचे बन्सीलालकाका.

"मले कडवं नको, एक ओळ पुरे," काका उदारपणे म्हणाले. "फक्त बेबाबाईच्या आधी टाक."

मागे साथीला गायला बायका तयार होत्या. पण याचे एकट्याचे व्रत. बायकांचे आवाजही त्याने स्वतःच काढले, नाक दाबून, आठ वेळा.

दुपारपर्यंत गाणे एकोणीस मिनिटांचे झाले. डीजेवाला म्हणाला, "भाऊ, तवढ्यात हळद वाळून जाईन. गाणं दहा मिनिटांचं करा."

मधले सगळे वादन गेले, तरी एक कडवे जास्तच. कोणाचे कापावे? जो तो मांडवात पाय रोवून बसलेला. शेवटी न रुसणारे एकच माणूस हितेंद्रला आठवले.

संध्याकाळी गाणे वाजले. आत्या डोलल्या. बन्सीलालकाकांनी आपली ओळ दोनदा लावायला सांगितली. गाणे संपले, तरी हळदीने माखलेली डिंपल भावाकडे बघतच होती.

"दादा, लगीन कोनाचं हाये?"

"तुझं कडवं होतं गं, पहिलंच होतं. लांबी वाढली म्हणून..."

"बरं केलं." ती जितेंद्रकडे वळली. "जितूभाऊ, उद्या भाऊ म्हणून नवरदेवाचा कान पिळाले तू उभा राहा. याले एकांत लागतो."