कांजिण्यांचा नाताळ

नाताळच्या केकची कृती कंपाउंडरकाकांना बायकोच्या वहीत सापडली आणि पहिली अडचण तिथेच उभी राहिली. वहीत लिहिलं होतं : मैदा लागेल तेवढा, लोणी अंदाजाने, साखर नेहमीसारखी.

एक्केचाळीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीमागे बसून थेंब मोजून औषध देणाऱ्या माणसाला ‘नेहमीसारखी’ हे माप काही केल्या कळेना. “नेहमीसारखी म्हणजे किती गं?” असं त्यांनी रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने विचारलंही. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती. उत्तर आलं नाही तेव्हा काकांनी कपाटातून दवाखान्याचा जुना काटा काढला, पुसला आणि कामाला लागले.

कारणही तसंच होतं. मुलीचा फोन आला होता, “बाबा, यंदा नाताळला आम्ही तिघंही येतोय. चांगले चार दिवस!” तिघं म्हणजे मुलगी, दातांचे डॉक्टर असलेले जावई आणि सहा वर्षांची नात. काकांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं, बाहेरून काही आणायचं नाही. ती असताना सगळं घरीच व्हायचं, आताही घरीच होईल.

मग महिनाभर त्यांनी स्वतःला उसंत दिली नाही. कोनमापक लावून सत्तावीस कागदी चांदण्या कापल्या. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत मेण ओतून, मग बाटल्या फोडून, मेणबत्त्या काढल्या. आल्याची वाइन गाळून बाटल्यांत भरली आणि सवयीने हात चालला तशी चिठ्ठी चिकटवली, ‘जेवणानंतर. हलवून घेणे.’ ओव्हन नव्हता, तो खालच्या मजल्यावरच्या टेलरबाईंकडून आणला. मोठं टेबल नव्हतं, ते समोरच्या टीसींकडून आणलं. साहजिकच काकांकडे कोण येणार, कधी येणार, किती दिवस राहणार हे अख्ख्या इमारतीला पाठ झालं. काका इथे राहायला आले ते मुलीच्या लग्नानंतर आणि बायको गेली तीही मुलीच्याच गावच्या इस्पितळात, त्यामुळे तिघांना इथे कुणी पाहिलेलं मात्र नव्हतं. टेलरबाई तर म्हणाल्या, “नातीचं माप सांगा काका, मी फ्रॉक शिवते.” काकांनी हात कमरेजवळ धरून दाखवला. नातीला शेवटचं पाहिलं तेव्हा ती तेवढी होती.

तेवीस तारखेला दुपारी केक ओव्हनमध्ये गेला आणि फोन वाजला.

“बाबा, रागावू नका हं,” मुलगी म्हणाली. “ह्यांचे जोडीदार डॉक्टर आजारी पडलेत. सगळे पेशंट ह्यांच्या अंगावर आलेत. आम्हाला नाही जमणार यायला. फेब्रुवारीत येतो ना, नक्की.”

“अगं, त्यात काय! कामं असतात,” काका म्हणाले. “आणि मी तरी कुठे फार तयारी केली होती?”

डोक्यावर सत्तावीस चांदण्या वाऱ्याने हलत होत्या. फोन ठेवून काका ओव्हनसमोर खुर्ची घेऊन बसले. केक फुगेल, खाली बसेल, काय करेल ते बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. टेलरबाई गुलाबी फ्रॉक हातावर घेऊन उभ्या होत्या. “आले का पाहुणे?”

काका ‘नाही’ म्हणणारच होते. पण टेलरबाईंच्या चेहऱ्यावर ते आधीच दिसायला लागलं. बायको गेल्यापासून जिन्यात भेटलेला प्रत्येक माणूस त्यांच्याकडे तसा बघायचा. मान जराशी तिरकी, भुवया वर, आवाज खाली. आयुष्यभर काकांनी खिडकीतून लोकांच्या नातेवाइकांकडे तशा नजरेने पाहिलं होतं. आपल्या वाट्याला ती आली की किती टोचते हे त्यांना नव्याने कळत होतं.

“आले,” काकांच्या तोंडून निघून गेलं.

“अय्या! कधी?”

“पहाटे. झोपलेत तिघंही.”

“बाहेर चपला-बूट दिसत नाहीत ते?”

“आत घ्यायला सांगितले. नवे आहेत.”

टेलरबाई फ्रॉक ठेवून, आवाज न करता, चवड्यांवर चालत खाली गेल्या. काकांनी दार लावलं आणि स्वतःचेच जुने बूट, जरा दिसतील असे, उंबऱ्याच्या आत मांडले.

एवढ्यावर निभावलं असतं. पण टीसींची दाढ दुखत होती. गाल धरून ते अकरा वाजता हजर झाले. “कंपाउंडरकाका, जावई आलेत म्हणे. नुसती नजर टाकतील का? आठ दिवस झोप नाही हो.”

“अंघोळीला गेलेत.”

अर्ध्या तासाने टीसी परत. “झाली का?”

“नाही अजून.”

“अजून? कसली अंघोळ करतात एवढी?”

“दातांचे डॉक्टर ना,” काका म्हणाले. “स्वच्छतेचं फार.”

टीसींनी डोळे बारीक केले. विनातिकीट माणूस ते शिट्टीच्या आधी ओळखतात असा त्यांचा लौकिक होता. “थांबा, आतूनच विचारतो,” म्हणून ते आत गेले, न्हाणीघराच्या बंद दारासमोर दोन मिनिटं उभे राहिले आणि लवंगेच्या तेलात भिजवलेला कापूस घेऊन आले. “हा दाढेखाली धरा म्हणतायत. वीस मिनिटं. गोड खायचं नाही.”

बिचाऱ्याची दाढ शांत झाली! तासाभरात टीसींनी खालपासून वरपर्यंत सांगून टाकलं की काकांचा जावई म्हणजे देवमाणूस, न बघताच दुखणं बरं करतो. चार वाजेपर्यंत दोन हिरड्या आणि एक किडका दात जिन्यात उभे होते. त्यातच खालून टेलरबाईंची हाक आली, “काका, पोर उठली असेल तर पाच मिनिटं द्या हो तिला. फ्रॉकची उंची बघते नि जाते.”

पावलं जवळ आली. काकांनी दाराला पाठ लावली. अडचणीत सापडलेला माणूस आपल्या धंद्याकडे धावतो, तसे काकाही धावले.

“येऊ नका!” ते आतून ओरडले. “कांजिण्या!”

जिना गप्प झाला.

“कुणाला?” टेलरबाईंनी विचारलं.

“नातीला. आत्ताच फोड दिसले. पाठीवर आहेत, पोटावर आहेत. तापही आहे.” आणि मग, अचूकपणाची सवय जाईना म्हणून, “शंभर पॉइंट चार.”

हिरड्या आणि किडका दात खाली उतरल्याचा आवाज आला. काकांनी सुटकेचा श्वास सोडला. मग त्यांच्या लक्षात आलं की आता कुणी आत येणार नाही हे खरं, पण आपल्यालाही बाहेर जाता येणार नाही.

नाताळच्या सकाळी ते कोट घालून प्रार्थनेला निघाले तर टीसी जिन्यात आडवे आले. “काका, घरात कांजिण्या, आणि तुम्ही चारचौघांत जाणार? कंपाउंडर ना तुम्ही?” काकांनी कोट काढून खुंटीला लावला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यांची नाताळची प्रार्थना चुकली.

दुपारी दाराबाहेर सूपचं भलंमोठं पातेलं आलं. चार माणसांचं. पाठोपाठ उकडलेले बटाटे, पाव आणि ‘लहानगीसाठी, बिनतिखट’ म्हणून एक झाकलेली वाटी. सगळं दारात ठेवून टेलरबाईंनी दाराला तोंड लावलं.

“बाळ, ऐकतेस ना? अजिबात खाजवायचं नाही हं! डाग राहतात.”

काका दाराच्या या बाजूला उभे. टेलरबाई हलेनात.

“बाळ? रागावलीस का माझ्यावर? तुझी टेलरआजी आहे मी.”

एक मिनिट गेलं. मग एकाहत्तर वर्षांच्या कंपाउंडरकाकांनी डोळे घट्ट मिटले आणि होईल तेवढ्या बारीक आवाजात म्हटलं, “हं.”

“गं बाई, किती गोड आवाज!” टेलरबाई म्हणाल्या. “अगदी आजीवर गेलीय.”

त्या गेल्यावर काकांनी पातेलं आत घेतलं. 

मग त्यांनी टीसींच्या टेबलावर चार ताटं मांडली. खालच्यांना घर भरल्यासारखं वाटावं म्हणून चारही खुर्च्या एकदा फरशीवर ओढल्या. औषध मोजायच्या ग्लासात वाइन ओतली, बरोबर तीस मिली. एकदा मोठ्याने हसूनही पाहिलं, जावई हसतील तसं. पण ते हसू भिंतीवर आपटून परत आलं आणि त्यांनाच दचकायला झालं. केक कापायला ब्रेड कापायची करवतीसारखी सुरी आणावी लागली. साखर नेहमीसारखी झाली नव्हती.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. “काय करताय, बाबा?”

“अगं, मजेत आहे! शेजारचे सगळे आलेत. टेलरबाई, टीसी… नुसता गोंधळ चाललाय.”

“हो का?” ती जरा थांबली. “मग आवाज कसा येत नाही कुणाचा?”

“तोंडात केक आहे त्यांच्या,” काका म्हणाले. तो केक पाहता हे पटण्यासारखं होतं, पण मुलीने तो पाहिला नव्हता.

सव्वीस तारखेला बाराच्या सुमारास एक बाई हातात लहानशी बॅग घेऊन जिना चढत आली. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर टीसी उभे होते. त्यांनी हात पुढे केला, तिकीट मागावं तसा.

“कुणाकडे?”

“कंपाउंडरांकडे.”

“जाता येणार नाही. घरात कांजिण्या आहेत.”

“कांजिण्या?” ती घाबरली. “बाबांना? या वयात?”

“त्यांना नाही, नातीला. मुलगी आलीय त्यांची, जावई आलेत, नात आलीय. तीन दिवस सगळे कोंडून घेऊन बसलेत बिचारे.” मग टीसींचा हात हळूहळू खाली आला. “बाबांना म्हणालात? तुम्ही कोण?”

आवाज ऐकून टेलरबाईही वर आल्या. “अहो, काल मी बोलले ना पोरीशी. ‘हं’ म्हणाली मला. सूप पाठवतेय मी कालपासून, चौघांचं.”

जिन्यातल्या बाईने टेलरबाईंकडे पाहिलं, टीसींकडे पाहिलं, वरच्या बंद दाराकडे पाहिलं. तिचा चेहरा आधी हसण्याच्या बेतात आला आणि मग भलतीकडेच जायला लागला. तिने तो पदराने पुसल्यासारखं केलं आणि म्हणाली, “मी धाकटी.”

“धाकटी?” टीसींचे डोळे बारीक झाले. “काकांना धाकटी मुलगी आहे? कधी बोलले नाहीत ते.”

“आमचं फारसं बोलणं नव्हतं मधे,” ती म्हणाली. “माझीच चूक.”

हे ऐकून मात्र टीसींनी वाट सोडली. त्यांच्या आवाजात एकदम ओलावा आला. “जा, पोरी. लहानपणी होऊन गेल्यात ना तुला? मग जा.”

काकांनी दार उघडलं. तिने आत येऊन दार लोटलं, चांदण्या पाहिल्या, मांडलेली ताटं पाहिली, उंबऱ्याशी ठेवलेले बूट पाहिले.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “मी कुठे आहे?”

“आतल्या खोलीत,” काका खाली बघत म्हणाले. “पोरीजवळ बसलीयेस.”

मग ती हसली, इतकी की तिला भिंत धरावी लागली. आणि हसता हसता कधी रडायला लागली ते तिलाही कळलं नाही. काका कावरेबावरे झाले. त्यांनी घाईघाईने तीस मिली वाइन ओतून पुढे केली.

“जेवणानंतर आहे खरं तर,” ते म्हणाले, “पण घे.”

दोघं जेवली. सूप टेलरबाईंचं, बटाटे टेलरबाईंचे. केक तिने वाइनमध्ये बुडवून खाल्ला.

“साखर किती घातलीस रे?” लहानपणी बाबांना अरेतुरे करायची तसं ती म्हणाली.

“तुझी आई नेहमीसारखी घालायची म्हणे. ते नेहमीसारखं किती, तेवढं सांग.”

“आई मोजायची नाही, बाबा. चाखायची.”

काकांनी उठून बायकोची वही आणली आणि त्या ओळीसमोर बारीक अक्षरात लिहिलं, ‘चाखून’.

पाचची गाडी होती. ती निघाली तेव्हा टेलरबाई जिन्यात वाटच बघत होत्या. “कशी आहे गं मोठी?”

“थकलीय जरा,” मुलगी म्हणाली. “पण बरं वाटतंय तिला. बाबांजवळ आणखी राहायचं होतं, पण तिला कामं सुटत नाहीत.”

“मोठ्यांचं तसंच असतं. तू तरी येत जा हो धाकटे.”

“येईन,” ती म्हणाली आणि भराभर जिना उतरली.

काका दाराआड उभे होते. तिची पावलं फाटकापर्यंत ऐकू आली, मग नाही आली. जिन्यात टेलरबाई कठड्याला टेकून टीसींना सांगत होत्या, “बघा, नशीब लागतं. दोन दोन मुली, देवासारखा जावई, नात. आजारपणात का होईना, घर कसं भरलंय. नाहीतर आपण. मी मशीन बंद केलं की घरात कुणाचा आवाज नाही.”

“काय सांगावं,” टीसी म्हणाले. “माणूस भाग्यवान आहे खरा.”

दाराला कान लावून कंपाउंडरकाकांनी ते सगळं ऐकलं आणि घटकाभर त्यांना त्या माणसाचा फार हेवा वाटला. मग ते आत जाऊन भांडी घासायला लागले. आज दोघांची होती.