साहेबांना लागतो

पनवेलच्या टांगा अड्ड्यामागे इसाजी पेणकरांचं दुकान होतं, आणि त्यांचा एक दावा होता. कुठलंही चामडं हातात द्या, ते कुणाच्या अंगाला लागलंय हे ते नुसत्या वासावरून सांगणार. घोडा, बैल, शिपाई, काहीही. वीस वर्षं पलटणीतली खोगिरं सांभाळली होती त्यांनी.

"चामडं खोटं बोलत नाही," ते म्हणायचे.

"नाही बोलत," आतून त्यांची बायको हेप्झिबा म्हणायची, "पण तुम्हाला ऐकू कमी येतं."

हेप्झिबाला जाऊन आठ महिने झाले होते. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम तिचं होतं. माणूस काय म्हणतो आणि त्याला काय म्हणायचंय, यातला फरक तिला कळायचा. इसाजींना फक्त पट्टे कळायचे.

त्या बुधवारी गुणाबाई आली. पळस्प्याला रस्त्याचं काम चाललं होतं, तिथले ओव्हरसियर धर्मराज आणि त्यांची बायको मालूबाई नुकतेच पनवेलला राहायला आले होते. गुणाबाई त्यांच्याकडे भांडी घासायची. तिने एक पिशवी आणि चिठ्ठी पुढे केली.

चिठ्ठीत लिहिलं होतं : 'कोरडा फार कडक झाला आहे. साहेबांना लागतो. रविवारच्या आत मऊ करून द्यावा. सोबतची पट्टीही तशीच. सौ. मालू.'

इसाजींनी पिशवी उपडी केली. नऊ चामडी वाद्यांचा एक कोरडा, म्हणजे चाबूकच, आणि तळहाताएवढ्या रुंदीची जाड चामडी पट्टी. चामडं उत्तम होतं. ठेवलं मात्र वाईट होतं : उन्हात वाळवलेलं, तेलाचा थेंब नाही. त्यांनी कोरडा नाकाशी नेला. घोडा नाही. बैल नाही. चंदनाचा साबण होता.

म्हणजे माणसाचं अंग.

"साहेबांकडे घोडा आहे?"

"नाय. येक मांजर हाय."

"मग कोरडा कशाला?"

"आयतवारी दुपारी लागतो. मना सांगतात, गुणाबाई, तू जा घरी. दार लावून घेतात."

"आणि मग?"

"मंग फटके."

"आणि तू काय करतेस?"

"मी घरी जाते. जा म्हनून सांगितल्यावर काय करू?"

ती गेली. इसाजी चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत बसले. साहेबांना लागतो म्हणे. जसा एखाद्याला सकाळी चहा लागतो, तसा याला रविवारी कोरडा लागतो. आणि तो मऊ करायची चिठ्ठी त्या बिचारीलाच लिहावी लागते.

धर्मराजांना त्यांनी बाजारात पाहिलं होतं. दारातून आत येताना वाकावं लागेल असा माणूस, मिशा घोड्याच्या आयाळीसारख्या. रस्त्यावरची माणसं म्हणायची, साहेब ओरडला की दगड आपोआप फुटतो. शेजारी मालूबाई जेमतेम त्यांच्या कोपराला लागत होत्या.

कोरड्याची मूठ एका जागी झिजून खोलगट झाली होती. खळगा लहान हाताचा होता. इसाजींनी तो पाहिला, त्यावरून अंगठा फिरवला, आणि विचारात असल्यामुळे सोडून दिला.

आता करायचं काय? मऊ करून द्यावा, तर आपण पापाचे वाटेकरी. कडक ठेवावा, तर त्या बाईची पाठ. हेप्झिबा असती तर पदर खोचून पोचलीसुद्धा असती. गल्लीत एकाने बायकोवर हात उगारला होता, तेव्हा तिने त्याला पोळपाट घेऊन अड्ड्यापर्यंत पळवला होता. इसाजी त्या वेळी दुकानातच बसून राहिले होते. ते तिने कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून जास्त सलायचं.

त्यांनी कोरडा कायमचा बाद करायचं ठरवलं. चामड्याला तेल बोटभर लावावं, ओल्या फडक्याने पुसून, सावलीत सुकवून. बुडवलं तर ते कुजतं, लोळागोळा होतं. शनवार तेल्यांच्या, बेने इस्रायली घराण्यातला माणूस. तेलाने काय जगतं आणि काय मरतं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. उरणचे कोळी होडीला लावतात ते मुशी माशाचं तेल त्यांनी घमेल्यात ओतलं आणि कोरडा, पट्टी दोन्ही दोन दिवस बुडवून ठेवली. दुसऱ्या दिवशी टांगेवाल्यांनी घोडे अड्ड्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बांधले.

शुक्रवारी दुपारी इसाजी स्वतः पिशवी घेऊन निघाले. दिवेलागणीला शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, लागायच्या आत बाईला सोडवायचं होतं.

दार मालूबाईंनी उघडलं. मागे साहेब खिडकीशी उभे होते. समोर दोन खुर्च्या रिकाम्या, तरी उभे. केवढा तोरा, इसाजींना वाटलं.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही भिऊ नका. माझी खोली आहे, वर माळा आहे. मी दुकानात झोपेन. आत्ता चला."

"कुठे?" मालूबाई म्हणाल्या.

"कुठे?" साहेब म्हणाले.

"तुम्ही बोलू नका," इसाजी म्हणाले. त्यांनी पिशवी जमिनीवर आपटली. "हा घ्या तुमचा कोरडा. आता याने माशीसुद्धा मरणार नाही."

माशी मेली नसती हे खरं, पण मांजराने वास घेतला. कॉटखालून एक पिवळा पट्टा सुटल्यासारखा झाला, आणि मांजर नऊच्या नऊ वाद्या तोंडात धरून दाराबाहेर.

"अगं, माझा कोरडा!" म्हणत साहेब निघाले.

"अहो. बसा."

मालूबाईंचा आवाज चढलासुद्धा नव्हता. पण असं 'बसा' इसाजींनी पलटणीत एका सुभेदाराच्या तोंडून ऐकलं होतं, नंतर कधी नाही. पळस्प्याचा दगड फोडणारा माणूस मुकाट्याने खुर्चीवर बसला, आणि "आई गं" म्हणत अर्ध्यातूनच उठला.

बाहेर मांजरांची भांडणं ऐकू येत होती; आता चार-पाच तरी जमली असावीत.

इसाजींनी खिशातली चिठ्ठी काढली. साहेबांना लागतो. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"आमच्या दोघांच्या मर्जीचा खेळ आहे, काका," मालूबाई म्हणाल्या. "थांब म्हटलं की थांबायचं, हा पहिला नियम. पण कोरडा कडक झाला आणि यांना फार लागायला लागलं. म्हणून तर तुमच्याकडे पाठवला."

"उन्हात वाळवू नका," इसाजी म्हणाले. "सावलीत. तेल बोटभर."

"तुम्ही किती लावलंत?"

"घमेलंभर."

साहेबांनी कॅलेंडरवरची नजर काढली. "काका, माळ्यावर राहायला मी आलो तर चालेल?"

"गप्प बसा," मालूबाई म्हणाल्या.

"बसा म्हणू नकोस," साहेब म्हणाले.

नवा कोरडा करून द्यायचं कबूल करून इसाजी बाहेर पडले. कोपऱ्यावर गुणाबाई जुन्या कोरड्याचं उरलेलं टोक मांजराच्या तोंडातून ओढत होती.

"खिडकीतून समदा ऐकू येत व्हता. बाईला सोडवलात?" तिने विचारलं.

"बाईला काही लागत नाही, गुणाबाई. साहेबांना लागतं."

"ता मना ठाव हाय. चिठ्ठीत लिवलाच व्हता की. बाईनी वाचून दाखवलान."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुमी घोडा इचारलात. मी मांजर सांगितला."

घरी येऊन इसाजींनी तीनदा हात धुतले, तरी वास गेला नाही. मग त्यांनी हेप्झिबा लावायची तसा शब्बाथचा दिवा लावला आणि तिच्या फोटोकडे पाठ करून जेवायला बसले.