तपासणीच्या दिवसाचं पाणी

बाळांनो, मांडी घालून बसा. हातातला पाण्याचा पेला जरा बाजूला ठेवा. का, ते कळेलच.

एका जंगलात घरोघरी नळ आले होते, इतकं ते जंगल सुधारलेलं होतं. तिथे तरसशेठचा मुलामा देण्याचा कारखाना होता. बैलांची शिंगं, वाघांचे दात, कोंबड्यांच्या चोची, सगळं तिथे चकचकीत करून मिळे. खुद्द सिंहमहाराजांची नखं दर सोमवारी तिथेच उजळत. उरलेलं पिवळं सांडपाणी ओढ्यात जाई आणि ओढ्याचं पाणी नळाला येई. त्यात क्रोमियम नावाचं विष होतं. त्याने पोटात गाठ होते. पण नखं काय सुरेख दिसत!

पाणी तपासायचं काम सगुणाबाई पाणमांजरीकडे होतं. तिचा नवरा पोटातल्या गाठीनेच गेला होता. आता घरात ती आणि तिची नात रेवा, दोघीच. हल्ली रेवाचंही पोट दुखू लागलं होतं.

तपासणी वर्षातून एकदा होई. आठ दिवस आधी गाढव दवंडी पिटे, "ऐका हो ऐका, येत्या बुधवारी पाण्याची तपासणी!" कारखानदाराची गैरसोय होऊ नये, एवढाच शुद्ध हेतू. मग बुधवारी तरसशेठ कारखाना बंद ठेवी. राजवाड्यासाठी राखलेला डोंगरावरचा झरा त्या दिवसापुरता नळांना सोडत. नळाला हार घालत, नारळ फोडत आणि मग सगुणाबाई नमुना घेई. अहवाल ठरलेला: विष निरंक.

एकदा तिने घरच्या नळाचं पाणी बाटलीत भरलं, तपासलं आणि बाटली बगळेसाहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब पाणीखात्याचे प्रमुख. ते एका पायावर, डोळे मिटून उभे होते. जनतेसाठी चिंतन चालू होतं.

"साहेब, यात क्रोमियम आहे. भरपूर आहे."

"नमुना कधीचा?"

"आज सकाळचा."

"दवंडी दिली होती?"

"नाही."

"मग बाई, हा नमुनाच नव्हे. पाण्याला असं बेसावध पकडणं बरं दिसतं का?"

सगुणाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ती मूग गिळून घरी आली. बाळांनो, नोकरी होती ना!

त्या संध्याकाळी पोट धरून बसलेल्या रेवाकडे बघताना तिच्या डोक्यात प्रकाश पडला. विष तपासणीने जात नाही, दवंडीने जातं! आणि दवंडीचा शिक्का तर तिच्याच पिशवीत होता. बगळेसाहेब दवंडीच्या चिठ्ठीवर सही नेहमी डोळे मिटूनच करत.

दुसऱ्या दिवशी गाढवाने दवंडी दिली, "ऐका हो ऐका, उद्या तपासणी!" कारखाना बंद, झरा सुरू. तिसऱ्या दिवशी पुन्हा दवंडी.

गाढव म्हणालं, "बाई, आजच झाली की तपासणी!"

"उद्या परत आहे. तू बडव."

एकवीस दिवस जंगलाने झऱ्याचं पाणी प्यायलं. रेवाचं पोट दुखायचं थांबलं. ती खिदळत अंगणभर धावू लागली. सगुणाबाईला रडूच आलं.

पण बाविसाव्या दिवशी सिंहमहाराजांनी भर दरबारात पंजा वर केला. नखं काळवंडली होती.

"हे काय?" महाराज गरजले.

"कारखाना बंद असतो, महाराज. रोज तपासणी चालू आहे," तरसशेठ हात जोडून म्हणाला.

"सापडलं काय?"

"निरंक, महाराज," बगळेसाहेब म्हणाले. "सलग एकवीस दिवस निरंक."

"इतकं शुद्ध पाणी! मग तपासता कशाला?"

सगुणाबाई पुढे धावली. "महाराज, कारखाना बंद आहे म्हणून शुद्ध आहे! या पाण्यापायी माझा नवरा गेला!"

बगळेसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा डोळे उघडले. "बाई, या एकवीस अहवालांवर सही कोणाची?"

सही तिचीच होती.

तपासणी कायमची बंद झाली. इतकं शुद्ध पाणी सिद्ध करून दाखवल्याबद्दल सगुणाबाईचा सत्कार झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला. तरसशेठने स्वतःच्या कारखान्यात मुलामा दिलेला चकचकीत तांब्या दिला. टाळ्याही पडल्या.

घरी येताच रेवाने तो तांब्या नळाखाली धरला. "आजी, पिवळं आलं गं! आता तपासणी कधी?"

सगुणाबाईने तांब्या हिसकावून पाणी ओतून टाकलं.

"मग मी काय पिऊ? तहान लागलीये मला."

सगुणाबाईने सत्काराचा नारळ फोडला आणि त्यातलं पाणी रेवाला पाजलं. नारळ एकच होता.

तात्पर्य : पाणी तपासलं की शुद्ध होतं आणि राजाची नखं काळवंडतात. म्हणून शहाण्याने पाणी तपासू नये. सत्कार तेवढे वरचेवर करून घ्यावेत. घरात लहान मूल असेल तर नारळ लागतात.