मेपल स्ट्रीटचे लोटनअप्पा

सकाळी सात वाजता मी औषधाच्या दुकानाचं शटर वर करतो, तेव्हा लोटनअप्पा पायरीवर उभे असतात. रामराम वगैरे काही नाही. चष्मा कपाळावर, फोन हातात, आणि एकदम बातमी: "मेपल स्ट्रीटवर आज परत दोन गाड्यासन्या काचा फुटन्यात."

मेपल स्ट्रीट अमेरिकेत आहे. पण अप्पा हे अशा काळजीने सांगतात की ऐकणाऱ्याला ती रस्त्याच्या पलीकडे वाटावी. एकदा सारंगखेड्याचा एक शेतकरी खोकल्याचं औषध घ्यायला थांबला होता. तो हे ऐकून तसाच बाहेर धावला आणि आपली बोलेरो बघून आला. अप्पांनी त्याला थांबवलं नाही. उलट म्हणाले, "लॉक कर. आन् सीटवर बॅग ठेवू नको. बॅग दिसनी का काच फुटनीच समज."

अप्पा सत्तरीच्या पुढचे. शहाद्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. खिडकीत बसून 'धडगाव गाडी फलाट चार' असं सांगण्यात आयुष्य गेल्याने त्यांचं साधं 'चहा घेसू' हेही चार गावांना उद्देशून असतं. आता ते आमच्या गावात, आमच्याच गल्लीत राहतात. बायको वारली. एकुलता मुलगा योगेश अमेरिकेत, एका दवाखान्यात कॉम्प्युटरचं काम बघतो.

त्याने चार वर्षांपूर्वी अप्पांना पाच महिने तिकडे नेलं होतं. मोठ्या तळ्याच्या काठचं शहर. पूर्वी तिथे मोटारींचे सुटे भाग बनायचे. ते कारखाने बंद पडले आणि लोक निघून गेले. योगेशचं घर दवाखान्याजवळ, मेपल स्ट्रीटवर. त्या रस्त्यावरची निम्मी घरं रिकामी, खिडक्यांना प्लायवूड ठोकलेलं. योगेशने बजावलं होतं की एकट्याने बाहेर पडायचं नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात यात्रेची गर्दी सांभाळलेल्या माणसाला माणूसच नसलेल्या रस्त्याची काय भीती? अप्पा रोज फिरायला जात.

तिथल्या वाचनालयात एका पोलीस अधिकाऱ्याचं भाषण झालं. योगेशने कानात भाषांतर केलं, आणि अप्पा ते घेऊनच परत आले. सिद्धांत सोपा होता. एक काच फुटते, कोणी बदलत नाही. मग दुसरी फुटते. मग दिवा जातो, मग दुकान जातं, शेवटी माणसं जातात.

परत आल्यावर त्यांनी आमच्या गल्लीकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

आमची कापड गल्ली. सातपुड्याच्या पायथ्यापासूनची लग्नाची खरेदी कधीकाळी इथे व्हायची. आता लोक नंदुरबारला जातात, नाहीतर थेट सुरतला. राहिलेले बायपासच्या नव्या दुकानांत. गल्लीतली निम्मी शटरं कायमची खाली. आम्ही याला मंदी म्हणत होतो. अप्पांनी योग्य शब्द दिला: डिक्लाइन. आणि गल्ली झाली डाउनटाउन.

"इलाका हातम्हाईन चालना, भाऊ," ते मला म्हणाले. कोपऱ्यावरच्या बंद दुकानाची काच फुटलेली होती. तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हाई पहिली पायरी शे."

ती काच त्यांनी स्वतः बदलली. मग त्यांना जागोजागी पहिली पायरी दिसायला लागली. विजेच्या खांबावरचा गेलेला बल्ब, पहिली पायरी. शेळीने खाल्लेलं पोस्टर, पहिली पायरी. माझ्या दुकानाच्या पाटीतला 'मेडिकल'चा 'ल' पडला होता. मी महिनाभर 'मेडिक' म्हणून धंदा करत होतो. अप्पा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

एका संध्याकाळी त्यांनी डोक्यावर टीव्ही घेऊन जाणाऱ्या माणसाला अडवलं. टीव्ही त्याचाच होता, दुरुस्तीहून येत होता. अप्पांनी तरीही त्याला घरापर्यंत पोहोचवलं, टीव्ही लावून बघितला, आणि चित्र आल्यावरच समाधान मानलं. नाक्यावर तीन पोरं मोबाइलवर लुडो खेळत बसायची. अप्पांनी त्यांची 'गँग' म्हणून चौकीत खबर दिली. हवालदाराने विचारलं, "अप्पा, गुन्हा काय व्हयना?"

"गुन्हा आजून व्हयेल नही," अप्पा म्हणाले. "व्हई."

हवालदाराने वहीत काहीतरी लिहिलं. पुढे मला कळलं की त्याने घरी न्यायच्या भाजीची यादी लिहिली होती.

मेपल स्ट्रीटच्या रहिवाशांचा फोनवर एक ग्रुप होता. योगेशने अप्पांना त्यात घालून दिलं होतं. इंग्रजी मजकूर फोनच मराठीत करून द्यायचा. ओट्यावर ठेवलेली पार्सलं पळवणाऱ्यांना तिकडे म्हणे 'ओट्यावरचे लुटारू दर्यावर्दी' अशा अर्थाचा शब्द आहे. फोनने त्याचं 'ओट्याचे चाचे' केलं. अप्पांनी कित्येक महिने आम्हाला सांगितलं की तिकडे पार्सलं चाचाच चोरतात, घरच्या माणसावरही भरवसा राहिला नाही. त्या ग्रुपवर रोज कोणीतरी विचारायचं की आत्ता वाजलं ते फटाके होते की बंदूक. हे अप्पांना फार पटलं. त्या दिवाळीत ते लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गल्लीच्या मध्यभागी उभे राहून प्रत्येक बाराला विचारत होते, "फटाका का गोयी?"

हसत हसत आम्ही त्यांना सामील झालो, हे मान्य करायला हवं. कारण गल्लीत दिवे लागले, तेव्हा दोन-चार गिऱ्हाइकं वाढली. मग आम्ही दुकानदारांनी बाजारपेठ सुधार समिती काढली. अप्पा अध्यक्ष, मी सचिव. शटरं एका रंगात रंगवली. फुलझाडांच्या कुंड्या आणल्या. नगरपंचायतीने फरशा बसवून दिल्या. कोपऱ्यावर, त्या काच बदललेल्या दुकानासमोर, फोटो काढायला एक कमान उभी केली. तिच्यावर 'डाउनटाउन' असं लिहावं, हा अप्पांचा आग्रह. रंगाऱ्याने 'डाऊन टाऊन हॉल' लिहिलं. त्याला टाऊन हॉलचीच सवय होती. 'हॉल' खरवडून काढावा लागला.

एकच अडचण होती. त्या बंद दुकानाच्या पायरीवर एक पावरा आदिवासी बाई बसायची. तोरणमाळच्या पायथ्याकडून जीपने यायची, टोपलीत मोसमाप्रमाणे चारोळी, चिंच, आमचूर, सीताफळं. किती वर्षं बसत होती कुणास ठाऊक; माझ्या लग्नाच्या जेवणातल्या बासुंदीला चारोळी तिचीच होती. समितीच्या बैठकीत कोणीतरी म्हटलं की कमानीत फोटो काढताना मागे टोपली येईल. मी ठराव लिहिला: कोपऱ्यावर बसणाऱ्यांनी नाल्यापलीकडे बसावं. अप्पांनी सही केली. बसणाऱ्यांनी असं अनेकवचन मी वापरलं होतं. बसणारी ती एकटीच होती.

कमानीच्या उद्घाटनाच्या दिवशी ती नेहमीप्रमाणे आली. पायरीवर कुंड्या बघून टोपली डोक्यावर घेऊनच उभी राहिली. अप्पा नवा सदरा घालून कमानीखाली होते. तिने त्यांना विचारलं, "मी कोठे बसू?"

"नालाना पल्याड," अप्पा म्हणाले. "आते आठे बसता येवाव नही. इलाका सुधारी ऱ्हायना."

वाद घालेल असं आम्हाला वाटलं होतं. तिने मान हलवली, टोपलीचा तोल सावरला आणि गेली. अप्पा तिच्या पाठीकडे बघत राहिले. फोटोवाल्याने त्यांना दोनदा सांगितलं, "अप्पा, आठे देखा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पायरीवर अप्पा नव्हते. तिसऱ्या दिवशीही नाहीत. चौथ्या दिवशी मी शटर अर्धं ठेवून त्यांच्या घरी गेलो. ते खाटेवर बसले होते, फोन बाजूला उलटा ठेवलेला.

"काय अप्पा, मेपल स्ट्रीट बंद पडना का?" मी म्हटलं. "योगेश बरा शे ना?"

"योगेश तठे शेच कोठे," ते म्हणाले. "दोन वरीस व्हयनात. तो टेक्सासले गया."

मी खाली बसलो. मुलगा तिथे नाही, तर हा माणूस दोन वर्षं रोज सकाळी त्या रस्त्याच्या चोऱ्या कशासाठी वाचत होता, हे मला कळेना. मी तसं विचारलं.

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग म्हणाले, "समोर लोराबाई ऱ्हाये."

योगेशच्या घरासमोर एक काळी म्हातारी राहायची. लोरेटा नाव, ऐंशीच्या आसपास. त्या रस्त्यावर पन्नास वर्षं काढलेली; शेजारपाजार गेला तरी ती गेली नव्हती. रोज सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसायची. अप्पा इकडच्या पायऱ्यांवर. आठवडाभर दोघं नुसते बघत राहिले. मग एक दिवस तिने घरातून दुसरी खुर्ची आणली आणि हात केला.

"पाच महिना रोज बसूत आम्ही," अप्पा म्हणाले. "मी मन्हं बोलू, ती तिन्हं बोले. तिले मन्हं समजे नही, माले तिन्हं समजे नही. भांडण व्हवाना सवालच नव्हता. तिन्हा घरवाला कारखान्यात व्हता, इतलं समजनं. तिनी फोटो दखाडा. मंग मी बी मन्ही बायकोना दखाडा. तिनी मन्हा हात धरी लिन्हा."

परत आल्यावर अप्पा त्या ग्रुपवर चोऱ्या वाचत ते एवढ्याचसाठी की त्यात तिचं नाव तर नाही ना, हे बघायचं. सकाळी नाव नाही दिसलं, की दिवस बरा जाई.

मग तिकडे सुधारणा आली. शहराचा मधला भाग नव्याने बांधायला घेतला, तो सरकत मेपल स्ट्रीटपर्यंत पोहोचला. रिकामी घरं पाडली. नव्या इमारती, कॉफीची दुकानं. अप्पांनी फोन सुलटा केला आणि मला एक फोटो दाखवला. स्वच्छ रस्ता, नव्या फरशा, फुलांच्या कुंड्या. दोन्ही बाजूंना एकसारखी घरं. ओटा कुठेच नव्हता.

"ती कोठे गयी?"

"तेच इचारं मी ग्रुपवर. इंग्रजीम्हा लिखं. एक जणनी अंगठा दखाडा. एक पोर बोलनी, आम्ही आठे नवीन शेतस, आम्हले म्हाईत नही." त्यांनी फोन पुन्हा उलटा ठेवला. "वरीस व्हयनं. तठे आते चोरी बी व्हत नही, भाऊ. एकबी काच फुटत नही. मी तुले जुन्याच चोऱ्या सांगी ऱ्हायनतू."

ठराव माझ्याच अक्षरात होता.

"चारोळीवाली नालाना पल्याड नही शे," अप्पा म्हणाले. "मी तीन दिन जाई उनू. तिन्हं नाव काय?"

मला माहीत नव्हतं. गल्लीत विचारलं. कोणी तिला चारोळीवाली म्हणायचं, कोणी आमचूरवाली, कापडवाला शेठ 'ती बाई' म्हणायचा. माझ्या दुकानातून तिने वर्षानुवर्षं तापाच्या गोळ्या नेल्या होत्या. मी कधी नाव विचारलं नव्हतं. शेवटी अप्पा जीप स्टँडवर जाऊन बसले. येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारायचे: म्हातारी बाई, टोपलीला निळी दोरी. चौथ्या दिवशी एक ड्रायव्हर म्हणाला की ती घाटाच्या अलीकडच्या पाड्यावर उतरते.

आम्ही दोघं गेलो. जीप जिथपर्यंत गेली तिथपर्यंत जीपने, पुढे पायी. मे महिना होता. अप्पा दर शंभर पावलांवर थांबत होते, पण छत्री माझ्याकडे देत नव्हते. पाड्यावर घराघरासमोर आमचुरासाठी कैरीच्या फोडी वाळत पडलेल्या. ती अंगणात सावलीला बसून विळीवर कैऱ्या कापत होती. आम्हाला बघून हात थांबला.

"काय पाह्यजे?" ती म्हणाली. "चारोळी सरनी. आमचूर आजून वला शे."

"काही नको," अप्पा म्हणाले. "तू कोठे गयी, ते देखाले उनू."

तिला ते नीट कळलं नसावं. तिने आमच्यासाठी खाट बाहेर ओढली, पाणी दिलं. अप्पा म्हणाले की समितीचं चुकलं, कुंड्या काढल्या आहेत, परत ये, तुझी जागा आहे.

तिने मान हलवली. "आते मी शहाद्याले बसस. स्टँडपासी. तठे गिऱ्हाईक जास्त शे." तिच्या बोलण्यात राग नव्हता. आमच्या गल्लीची गरजही नव्हती.

"बरं," अप्पा म्हणाले. ते इतक्या हळू बोललेले मी पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यांनी खिशातून छोटी डायरी आणि पेन काढलं. "तुन्हं पुरं नाव सांग."

"कसाले?"

"माले म्हाईत पाह्यजे."

तिने ओल्या हाताने पदर ओढला आणि सांगितलं. "रुमलीबाई."

"घरवालानं?"

"जामसिंग. तो नही शे आते."

रुमलीबाई जामसिंग पावरा. अप्पांनी पाड्याचं नाव विचारलं, मुलाचं नाव विचारलं, त्याचा फोन नंबर घेतला. रस्ता कुठून वळतो, घराजवळची खूण काय, शहाद्याला फलाटाच्या कोणत्या अंगाला बसते, कोणत्या वारी येत नाही, हे सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. आपलं नाव असं मोठ्याने वाचलेलं ऐकून ती तोंडाला पदर लावून हसली.

अप्पांनी डायरी माझ्यापुढे धरली.

"भाऊ, तूबी लिखी ले," ते म्हणाले. "हाई नाव एकनाच पासी ऱ्हावाले नको."

मी लिहून घेतलं.